मिटल्या डोळ्यांचं मतदान

मिल बंद झाली तरी बाबा रोज सकाळी दाढी करायचे. जायचं कुठंच नसायचं. दाढी झाली की पांढरा शर्ट घालायचे, चहा घ्यायचे आणि स्नेहलतागंजातल्या आमच्या चर्चमध्ये जाऊन बाकं पुसायचे. बाकं दर शनिवारी पुसली तरी चालण्यासारखी होती. बाबा ती सोमवारी, मंगळवारी, बुधवारीही पुसायचे. आई त्यांना काही बोलायची नाही, आणि मी बोलायला गेले तर माझ्याकडे असं बघायची की मी विषय बदलायचे.

आमची मंडळी बॅप्टिस्ट. हे सांगितलं की इंदूरची माणसं विचारतात, “म्हणजे क्रिश्चनच ना?” मी हो म्हणून विषय मिटवते. पण ही हकीकत कळायला थोडं जास्त सांगावं लागेल. आमच्यात तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देत नाहीत. माणूस मोठा होतो, स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करतो, मग त्याला हौदात पुरतं बुडवून बाप्तिस्मा देतात. त्या दिवसापासून त्याला मंडळीत एक मत. नवऱ्याला एक, बायकोला एक, सासऱ्याला एक, सुनेला एक. वर कोणी बिशप बसलेला नाही. पाळक कोण आणायचा इथपासून भिंतीला रंग कुठला लावायचा इथपर्यंत सगळं सभासदांच्या सभेत हात वर करून ठरतं. त्यामुळे आमच्याकडे भांडणं भरपूर होतात आणि सगळी प्रार्थनेनं सुरू होतात.

या हात वर करण्यात एक गोम होती. सून सासऱ्यासमोर वेगळा हात कशी वर करणार? बायको नवऱ्याच्या विरुद्ध? एक मत आहे म्हणायचं, आणि घरातल्या मोठ्याचा हात गेला की मागोमाग सगळ्यांचे हात. मी शाळेत होते तेव्हा एकदा पाळक निवडताना महिला संघानं हा मुद्दा लावून धरला. महिला संघ म्हणजे त्या काळी मुख्यतः माझी आई. तेव्हापासून अशी रीत पडली की नाजूक प्रश्न असला की सगळ्यांनी डोळे मिटायचे, मान खाली घालायची आणि मग हात वर करायचा. डोळे उघडे फक्त सेक्रेटरीचे. पाळकसुद्धा मिटणार. सेक्रेटरीनं मोजायचं, आकडा सांगायचा, आणि कोणाचा हात कुठल्या बाजूला होता हे मरेपर्यंत कोणाला सांगायचं नाही. चिठ्ठ्या का नाही टाकायच्या, असं मी एकदा विचारलं होतं. आई म्हणाली, कितीतरी म्हाताऱ्या बायांना लिहिता येत नाही, त्यांनी कोणाकडून लिहून घ्यायचं?

सेक्रेटरी बाबा होते. वर्षानुवर्षं तेच. दुसऱ्या कोणावर लोकांचा एवढा भरवसा नव्हता.

बाबा मिलमध्ये विणाईखात्यात जॉबर, म्हणजे मागवाल्यांचे मुकादम होते. मागांच्या खडखडाटात सगळी हयात गेलेली, त्यामुळे कान अर्धे गेलेले आणि आवाज मोठा. घरात मीठ मागितलं तरी शेजारच्यांना कळायचं. पण रविवारी तोच आवाज कामाला यायचा. सकाळच्या उपासनेत शास्त्रवाचन, म्हणजे बायबलचं वाचन, बाबांचं. माइक लागायचा नाही. शनिवारी संध्याकाळी ते स्वयंपाकघरात उभे राहून दुसऱ्या दिवशीचा अध्याय मोठ्यानं वाचायचे, आई पोळ्या लाटता लाटता ऐकायची आणि कुठं घाई झाली तर लाटणं थांबवायची. तेवढ्यावरून बाबा ते वाक्य परत घ्यायचे. मराठी शास्त्र त्यांनी आपल्या वडिलांकडून ऐकलेलं. आजोबा नगरकडून मिलसाठी इंदूरला आले तेव्हा ट्रंकेत कपड्यांच्या वर तेच पुस्तक होतं म्हणे.

मिल गेल्यावर बाबांना सेक्रेटरी आणि वाचक या दोनच गोष्टी उरल्या होत्या. त्यातही सेक्रेटरी म्हणजे कटकट. वाचन हे खरं त्यांचं होतं. रविवारी ते वाचायला उभे राहिले की मिल बंद पडलेला माणूस दिसायचा नाही. हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणून आता सांगते आहे.

तेव्हा मी बी.कॉम. करून एका कंप्युटर क्लासच्या रिसेप्शनला बसत होते. शहरात तेव्हा असे क्लास आणि एसटीडीचे बूथ जिकडेतिकडे उगवत होते, आणि परदेशीपुऱ्याकडे मिलच्या फाटकांना कुलपं लागत होती. आमच्या मंडळीतले तरुण पीथमपूरच्या कारखान्यांत जात होते, नाहीतर सुरतेला, नाहीतर घरी बसत होते. रविवारी बाकं रिकामी दिसायला लागली. अशात आमच्याकडे नवे पाळक आले. खंडव्याकडचे, तरुण, उत्साही. मराठी बोलायचे पण विचार हिंदीत करायचे. त्यांनी आल्या आल्या भिंतीवर एक मोठा चार्ट पेपर लावला आणि वर लिहिलं, ‘व्हिजन’. हा शब्द आमच्या क्लासच्या भिंतीवरही होता, त्यामुळे मला हसू आलं.

“दहा सालांनंतर आपली मंडळी कुठं असेल?” पाळकांनी विचारलं.

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, “इथंच. कुठं जाऊन राहिली?”

सगळे हसले. पाळकही हसले, पण चार्ट पेपर त्यांनी काढला नाही. पुढचे कित्येक रविवार उपासनेनंतर चहा आणि चर्चा. आमच्या हॉलमध्ये महिला संघाचा शिवणवर्ग चालायचा, तो वाढवावा असं ठरलं. मिलच्या चाळींतल्या पोरांसाठी संध्याकाळची शिकवणी सुरू करावी असंही ठरलं, आणि ती माझ्या गळ्यात पडली. इथवर सगळं गोडीगुलाबीनं झालं. मग पाळकांनी तिसरी गोष्ट लिहिली: रविवारची सकाळची उपासना हिंदीत. मराठी उपासना दुपारी चार वाजता.

दुपारी चार म्हणजे काय ते इंदूरच्या माणसाला सांगायला नको. जेवून आडवं झालेलं शहर पाचशिवाय उठत नाही. चारची उपासना म्हणजे ज्याचं घर चर्चला लागून आहे आणि ज्याला झोप येत नाही, त्याची उपासना. सगळ्यांना हे कळत होतं.

पाळकांचं म्हणणं खोटं नव्हतं. शिवणवर्गाला येणाऱ्या बाया माळवी, हिंदी बोलणाऱ्या. त्यांचे नवरेही मिलमधूनच घरी बसलेले. एखादी कधी रविवारी यायची, मागच्या बाकावर बसायची, पुढच्या रविवारी यायची नाही. आणि आमच्या स्वतःच्या घरांतल्या सुना! कोणी झाबुआची, कोणी रायपूरची. लग्न होऊन आल्या, हौदात उतरल्या, मत मिळालं, आणि दर रविवारी मान खाली घालून बसतात. एक झाबुआची सून उपासना संपली की आईला गाठायची. “मम्मी, आज क्या बताया?” मग आई बाहेर नळापाशी कप विसळता विसळता तिला अख्खं प्रवचन हिंदीत सांगायची. हळूहळू तिथं चार-पाच जणी जमायला लागल्या. पाळकांपेक्षा आईचं प्रवचन छोटं असायचं, आणि माझ्या मते बरंही.

आईनं घरी हा विषय एकदाच काढला.

“त्या पोरींना आत काही कळत नाही हो.”

“शिकतील,” बाबा म्हणाले. “आपण नाही हिंदी शिकलो?”

“आपल्याला मिल होती शिकवायला. त्यांना कोण आहे?”

ते शर्टाला इस्त्री करत होते, ती करत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, “सगळंच काढून घेतलं तर माणसानं करायचं काय?” हे ते आईला म्हणाले का मिलवाल्यांना, मला कळलं नाही. आई कणीक मळायला आत गेली, आणि मला वाटलं विषय संपला. मला पाळकांचा राग आला. ज्याच्या हातात एकच गोष्ट उरली आहे तीच मागायची याला व्हिजन म्हणायचं असेल तर असो, असं मी मनात म्हणाले. माझं मत तिथंच ठरलं.

सभा रविवारी उपासनेनंतर ठेवली. हॉल बऱ्याच दिवसांनी भरलेला. आमचे मोठे डीकन, म्हणजे मंडळीचे कारभारी, सगळ्यात आधी उठले. रेल्वेतून रिटायर झालेले, धिप्पाड, आवाजात स्टेशनमास्तरचा रुबाब. सगळी मुलं त्यांना मोठे काका म्हणायची. त्यांचं भाषण थोडक्यात असं, की आपल्या बापजाद्यांनी ही भिंत मराठीत बांधली. पाळक बोलले. कोणी काही, कोणी काही. सुना बोलल्या नाहीत. बाबाही बोलले नाहीत, कारण मोजणाऱ्यानं बोलायचं नाही असा त्यांचा नियम होता. स्वतःचं मत मात्र त्यांना होतं, आणि ते कुठं जाणार हे सगळ्या हॉलला माहीत होतं.

मग प्रार्थना झाली. पाळकांनी सांगितलं, डोळे मिटा. “ज्यांना सकाळची उपासना हिंदीत हवी, त्यांनी हात वर करा.”

मी आईच्या शेजारी बसले होते. बाकावर आम्ही दाटीनं बसलो होतो, तिचा दंड माझ्या दंडाला लागलेला. सगळीकडे शांत. आणि तो दंड वर गेला.

मला आधी वाटलं ती घाम पुसतेय. पण दंड खाली येईना. माझे डोळे मिटलेले राहिले नाहीत, हे सांगायची गरज नाही. मी मान न उचलता फक्त पापणी उचलली. बाबा समोर उभे होते, ओठ हलत होते, नजर पुढच्या बाकापासून मागं मागं सरकत होती. आमच्या बाकावर आली, पुढं गेली. शेवटपर्यंत गेली. मग बाबा परत पहिल्या बाकावर आले आणि नव्यानं मोजायला लागले. लोक चुळबुळायला लागले. डोळे मिटून एवढा वेळ बसायची सवय आमच्यात फक्त लांब प्रार्थनांची आहे, आणि त्यात हात वर धरावा लागत नाही. कोणीतरी खोकलं. बाबांनी दुसऱ्यांदा शेवटपर्यंत मोजलं आणि म्हणाले, “हात खाली.”

नंतर विरुद्ध बाजूचे हात. माझा गेला. बाबांनी ते एकदाच मोजले, स्वतःचा हात वर करून तोही धरला, आणि डोळे उघडायला सांगून दोन्ही आकडे वाचून दाखवले. आवाज नेहमीचाच, माइक न लागणारा. हिंदी थोड्या फरकानं जिंकली होती.

मागच्या बाकांवर ती झाबुआची सून रडायला लागली आणि तिची सासू तिच्याकडे बघायला लागली. बाहेर नळापाशी बायांनी आईला घेरलं. “वहिनी, तुमच्या साहेबांचं वाचन गेलं हो.” आई म्हणाली, “हो ना.” एवढंच म्हणाली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते आणि मला तिचा इतका संताप आला होता की घरी जाताना मी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं चालले.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते, म्हणजे कोणाला हुरहूर नको. सकाळची उपासना हिंदीत सुरू झाली. बाकं भरली. शिवणवर्गातल्या बाया आल्या, त्यांची पोरं आली, आता तर तिथं बसायला जागा मिळत नाही. वाचन तरुण मुलं करायला लागली. बाबांनाही एकदा विचारलं, पण त्यांच्या हिंदीला मराठीचा हेल, पोरं खुदकन हसली, आणि बाबांनी पुन्हा तो मान घेतला नाही. ते सकाळी दाराशी उभे राहून ‘जय मसीह की’ म्हणत लोकांना आत घ्यायचे आणि दुपारी चारला मराठीत वाचायचे. ऐकायला मोजकी माणसं. आई मात्र दोन्हीकडे, सकाळीही आणि चारलाही, एकही रविवार न चुकवता. चारची उपासना काही वर्षं चालली आणि मग ऐकणारे गेले तशी बंद झाली.

पण मला सांगायचं आहे ते त्या सभेनंतरच्या मंगळवारचं. दोन दिवस घरात कोणी कोणाशी नीट बोललं नव्हतं. बाबा जेवायचे, उठायचे. आई वाढायची. मी दोघांवर चिडलेली. आईनं हात वर केला हे बाबांनी पाहिलंय, आईला ते माहीत आहे, आणि मलाही माहीत आहे हे दोघांनाही माहीत नाही. अशा घरात पोळीसुद्धा गिळवत नाही.

संध्याकाळी मोठे काका आले. सोबत शेव घेऊन आले, म्हणजे काम मोठं होतं. आईनं चहा टाकला. काका खुर्चीत बसले आणि सरळ मुद्द्यावर आले.

“बघा सेक्रेटरीसाहेब, मी हिशेब लावला. आपली जुनी घरं किती, त्या पोरी किती, सगळं लावलं. बैठता नहीं है. आपल्यातलंच कोणी फुटलं.”

“असेल,” बाबा म्हणाले.

“असेल काय भिया? कोण फुटलं ते तुम्हाला दिसलं ना! तुमचेच तर डोळे उघडे होते.”

आई चहाचा ट्रे घेऊन दारात आलेली. तिनं ट्रे स्टुलावर ठेवला आणि तिथंच उभी राहिली. मी कोपऱ्यात शिकवणीच्या वह्या तपासत होते.

“मोजणाऱ्याला हात दिसतात,” बाबा म्हणाले. “तोंडं दिसत नाहीत.”

“ठीक आहे. नाव नका सांगू. नियम आहे, मी मानतो.” काका पुढं सरकले आणि त्यांनी आवाज खाली आणला. बाबांच्या कानांमुळे तो परत वर न्यावा लागला, त्यामुळे गुपित गल्लीत ऐकू गेलं. “पण तुम्ही दो बार गिना. सगळ्यांच्या लक्षात आलं. दोनदा मोजलं म्हणजे शंका होती. बरोबर? तुम्ही रविवारी उठून एवढंच म्हणा, की मोजणीत मला शंका आहे. बस. फिर से वोटिंग. आणि या वेळेला खुल्लम खुल्ला, डोळे उघडे ठेवून. मग बघू कोणाची सून सासऱ्यासमोर हात वर करते. तुमचं वाचन कुठं जात नाही, मी सांगतो.”

काकांचं गणित पक्कं होतं. उघड्या डोळ्यांनी घेतलं असतं तर त्या पोरींतल्या एकीचाही हात वर गेला नसता. आणि आईचाही नसता गेला. तिनं उभ्या जन्मात चारचौघांत बाबांना खाली पाहायला लावलं नव्हतं. बाबांनी एक वाक्य म्हणायचं होतं, आणि तेही फारसं खोटं नाही. दोनदा मोजलं होतंच. मला मनापासून वाटत होतं की त्यांनी ते म्हणावं. मी जवळजवळ बोललेच असते.

बाबांनी चहा बशीत ओतला. प्यायले. मग म्हणाले, “पहिल्यांदा जेवढे भरले तेवढेच दुसऱ्यांदा भरले. मोजणीत शंका नाही.”

“मग दोनदा कशाला?”

“सवय आहे. मिलमध्ये ताण्याचे धागे दोनदाच मोजायचो.”

“अरे, तुमचंच नुकसान होऊन राहिलं आहे, मला काय?”

“हो,” बाबा म्हणाले. “माझंच आहे.”

काकांनी आणखी थोडा वेळ घालवला, हवेचं बोलले, पोरांचं बोलले, आणि शेवेची पुडी तशीच ठेवून गेले. बाबा दारापर्यंत पोचवायला गेले आणि परत येऊन त्याच जागी बसले. आई कप उचलायला आली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. हळू बोलायचा त्यांचा प्रयत्न होता, तो नेहमीसारखाच फसला.

“पुढच्या वेळेला हात पुरता वर करत जा. कानापाशी धरला होतास. मोजल्यावर वाटलं, पदर सावरत असशील. म्हणून परत मोजावं लागलं.”

आई कप हातात घेऊन उभी राहिली. तिचे डोळे भरले होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

“तुमच्यासमोर पुरता वर नाही गेला हो,” ती म्हणाली.

“गेला तेवढा मोजला,” बाबा म्हणाले.